अंधाराला किती बिट लागतात

घरातल्या पडद्यावर चित्रपट किती चांगला दिसतो, या प्रश्नाला हल्ली एका आकड्यात उत्तर देण्याची पद्धत पडली आहे. दुकानातला विक्रेता 'फोर-के' म्हणतो, टीव्हीच्या खोक्यावर तेच छापलेले असते, ओटीटीच्या ॲपमध्ये चित्रपटाच्या नावाखाली तीच चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि एवढे सगळे एकमुखाने सांगत असल्यावर आपणही मान डोलावतो. हा आकडा खोटा नाही. चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके आहेत, एवढे तो प्रामाणिकपणे सांगतो; त्या ठिपक्यांमध्ये काय भरले आहे, याबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नाही. माझ्या घरी अजून डिस्क-प्लेअर चालू स्थितीत आहे, डिस्कनी भरलेले एक कपाट आहे आणि ओटीटीची वर्गणीही आहे. त्यामुळे एकच चित्रपट दोन्ही वाटांनी पाहण्याची संधी मला वरचेवर मिळते, आणि दर वेळी त्या चिठ्ठीवरचा माझा विश्वास थोडा उतरतो.

इथे थोडे गणित केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि चित्रपट सेकंदाला अशी २४ चित्रे दाखवतो. प्रत्येक ठिपक्याचा उजेड दहा बिटांत (बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीची सर्वांत लहान नोंद) नोंदवला आणि रंगाची नोंद त्या मानाने बरीच मोघम, म्हणजे चार ठिपक्यांना मिळून एक अशी ठेवली, तरी सेकंदाला जवळजवळ ३००० मेगाबिट एवढी माहिती होते. फोर-के पाहण्यासाठी १५ एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला १५ मेगाबिटचे, कनेक्शन असावे, असे नेटफ्लिक्स सांगते. म्हणजे त्या सेवेची सगळी ऐपत वापरली असे धरले, तरी मूळ माहितीचा दोनशेवा हिस्सा आपल्या घरात येतो. फोर-के डिस्कला १२८ एमबीपीएसपर्यंत मुभा असते. प्रत्यक्षात सरासरी साठच्या आसपास धरली, तर मूळ माहितीचा पन्नासावा हिस्सा मिळतो. दोन तासांच्या चित्रपटाला एकीकडे साडेतेरा जीबी, तर दुसरीकडे चोपन्न. डिस्कवाल्यांनी फुशारकी मारण्याआधी हे ध्यानात घ्यावे, की त्यांच्याही हाती येते ते मूळ चित्र नसून त्याचा सारांशच असतो. तो चौपट सविस्तर असतो, एवढाच फरक.

मग फरक पडतो तो सारांशात काय गाळले यावर. कॉम्प्रेशनचे, म्हणजे माहिती आवळून लहान करण्याचे, तंत्र मुळात हुशार आहे. दर वेळी संपूर्ण चित्र पाठवण्याऐवजी ते मधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवते आणि मधल्या चित्रांसाठी केवळ काय हलले आणि कुठे सरकले एवढे कळवते. माणूस स्थिर उभा राहून बोलत असेल, मागे साधी भिंत असेल आणि उजेड भरपूर असेल, तर कळवण्यासारखे फारसे काही उरतच नाही. ओठ हलले, पापणी मिटली, बाकी सगळे मागच्याप्रमाणे. अशा प्रसंगी थोडक्या बिटांत काम सुरेख भागते, आणि दिवाणखान्यात बसून चाललेल्या कौटुंबिक संवादांच्या मालिका स्ट्रीमिंगवर निर्दोष दिसतात त्याचे कारण हेच आहे. त्या पाहून 'आता डिस्कची गरज काय' असे कोणी म्हणाले, तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्या मालिकांपुरते त्याचे म्हणणे बरोबरच असते.

पंचाईत होते ती पाऊस पडू लागला, धूर पसरला, पाण्यावर तिरीप हलली, वाऱ्याने शेतातले गवत एकदम उसळले किंवा दिवा विझला की. पावसाचा प्रत्येक थेंब नवा असतो, मागच्या चित्रातल्या थेंबाशी त्याचे काही नाते नसते, त्यामुळे 'मागच्याप्रमाणे' हा शेरा तिथे चालत नाही. बिटांची मागणी अचानक कित्येक पट वाढते. डिस्कवर अशा वेळी गंगाजळीतून खर्च करता येतो, कारण सोप्या प्रसंगांत वाचवलेली जागा अवघड प्रसंगाला देता येते आणि वरची मर्यादा खूप लांब असते. स्ट्रीमिंगलाही हे काही प्रमाणात करता येते, पण त्याला आपल्या घरातल्या नळाच्या, म्हणजे इंटरनेटच्या, धारेचे भान ठेवावे लागते, आणि मर्यादा लवकर आडवी येते. मग तंत्र आपल्या स्वभावाप्रमाणे डोळ्याला सहसा कळत नाही ते आधी टाकू लागते: बारीक पोत, फिक्या रंगांतले सूक्ष्म भेद आणि सगळ्यांत आधी अंधार.

अंधाराचे हे प्रकरण मला फार जवळून पाहायला मिळाले. गेल्या पावसाळ्यात भाचा माझ्याकडे राहायला होता, आणि त्याला हा सगळा प्रकार म्हणजे मावशीचे खूळ वाटत होते. एका रात्री आम्ही एकच चित्रपट प्लेअरमध्ये घातला आणि ॲपमध्येही लावला, दोन्हीकडे तोच प्रसंग शोधून थांबवला आणि रिमोटने एका इनपुटवरून दुसऱ्यावर जात राहिलो. प्रसंग साधा होता. रात्रीची वेळ, एक म्हातारी कंदील घेऊन माजघरातून पडवीत येते आणि उजेडाचे वर्तुळ तिच्याबरोबर मातीच्या भिंतीवरून सरकत जाते. चित्र थांबलेले असताना भाचा म्हणाला, "मावशी, ह्यात फरक कुठाय? मला तर सारखंच दिसतंय." मी त्याला म्हातारीकडे न पाहता भिंतीकडे पाहायला सांगितले.

डिस्कवर कंदिलाचा उजेड भिंतीवर पसरत जाऊन कुठे संपतो हे सांगता येत नव्हते. तांबूस पिवळ्यातून तपकिरीत, तपकिरीतून काळपटात आणि काळपटातून काळ्यात तो इतक्या सावकाश उतरत होता, की भिंतीचे लिंपण, त्यातले काडीकचऱ्याचे तुकडे, बोटांनी ओढलेले अर्धगोल, हे सगळे शेवटच्या टोकापर्यंत पुसट पुसट का होईना पण जाणवत होते. ॲपवर त्याच भिंतीवर उजेडाची वर्तुळे पडली होती, नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात तशी, एकात एक. प्रत्येक वर्तुळाला कड होती. सर्वांत बाहेरच्या वर्तुळापलीकडे लिंपण नव्हतेच. तिथे नुसता काळा रंग होता, आणि चित्र पुन्हा चालू केल्यावर त्या काळ्या रंगात बारीक चौकोनी ठोकळे दर अर्ध्या सेकंदाला जागा बदलत होते. म्हातारी पुढे गेली तरी तिच्या मागचा अंधार क्षणभर तिच्या पदराला चिकटून आला आणि मग सुटला. "भिंत हलतीये की," भाचा म्हणाला. त्यानंतर त्याने उठून खोलीतला उरलेला दिवाही स्वतःच बंद केला.

त्या भिंतीवर झालेले काम कोणीतरी मन लावून केलेले होते, हा माझ्या तक्रारीचा गाभा आहे. छायालेखकाने कंदिलाच्या आड एखादा छोटा दिवा लपवला असेल, भिंतीचा रंग दोनदा बदलून घेतला असेल, आणि उजेड नेमका कुठवर पोचू द्यायचा यासाठी युनिटला ताटकळत ठेवले असेल. चित्रपटातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे प्रकाशकाम बहुधा असेच काठावर, दिसणे आणि न दिसणे यांच्या सीमेवर केलेले असते, आणि कॉम्प्रेशनची कात्री पहिल्यांदा नेमकी तिथेच चालते. गाळणाऱ्या यंत्राचे गणित असे, की कमी उजेडातला भेद डोळ्याला कमी कळतो, तेव्हा तो टाकला तरी फारसे बिघडत नाही. उजेडाच्या खोलीत, फोनच्या पडद्यावर ते खरेही आहे. पण अंधाऱ्या खोलीत मोठ्या, चांगल्या काळ्या रंगाच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा डोळा नेमका त्याच भेदांसाठी सरावलेला असतो.

२०१९ च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या अखेरच्या पर्वातला तिसरा भाग प्रदर्शित झाला, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी आम्हाला काही दिसलेच नाही अशी ओरड केली. जवळजवळ सगळा भाग रात्रीच्या युद्धाचा होता. छायालेखक फॅबियन वॅग्नर यांनी चित्रणाची बाजू घेतली आणि दोष प्रक्षेपणातल्या कॉम्प्रेशनकडे आणि लोकांच्या टीव्हीच्या चुकीच्या सेटिंगकडे दाखवला. इतका अंधार चित्रित करावा का, याबद्दल माझे मत त्यांच्यापेक्षा जरा वेगळे आहे, कारण चित्र शेवटी कुठल्या नळातून जाणार हे माहीत असताना त्याचा विचार करणे हाही कलावंताच्या कामाचाच भाग आहे. पण त्या भागातल्या धुराचे आणि धुक्याचे जे ठोकळे झाले, ते चित्रणामुळे नव्हते, हे त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

अंधाराइतकाच दुसरा बळी म्हणजे फिल्मचे कण, ज्याला जाणकार 'ग्रेन' म्हणतात. फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटात चांदीच्या क्षारांपासून तयार झालेले हे कण प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतात. त्यामुळे रिकामे आकाशसुद्धा फिल्मवर रिकामे नसते; त्यात एक बारीक, जिवंत सळसळ असते, आणि कडा, कापडाचा पोत, त्वचेवरची रंध्रे हे सगळे त्या सळसळीतूनच घडलेले असते. कॉम्प्रेशनच्या दृष्टीने मात्र हे कण म्हणजे न थांबणारा पाऊस. दर चित्रात लाखो नव्या गोष्टी, आणि एकीचेही दुसरीशी नाते नाही. बिट पुरेसे असतील तर ते टिकतात. पुरेसे नसतील तर दोनपैकी एक होते: कण गोठून गढूळ डाग बनतात, किंवा आधीच घासूनपुसून काढले जातात आणि नटनट्यांचे चेहरे मेणाचे होतात. पन्नाशीतल्या नायिकेच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या नाहीशा झालेल्या पाहून कोणाला आनंद होत असेल तर होवो, मला तो चेहरा अनोळखी वाटतो.

यावर आता एक चतुर तोड निघाली आहे. २०१८ साली आलेल्या एव्ही-वन या कॉम्प्रेशनच्या पद्धतीत कण आधी काढून टाकायचे, ते किती जाड आणि किती दाट होते याचे वर्णन तेवढे पाठवायचे, आणि आपल्या टीव्हीने त्या वर्णनावरून तसेच कण नव्याने उमटवायचे, अशी सोय आहे. मोठ्या सेवांनी ती वापरायला सुरुवातही केली आहे. परिणाम डोळ्याला चांगला दिसतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते. गढूळ डागांपेक्षा तो शंभर पटींनी बरा आहे. तरीही ते कण मूळ चित्रपटाचे नसतात, त्या चित्रपटाच्या जातीचे असतात. १९५५ सालच्या 'पथेर पांचाली'च्या मूळ निगेटिव्हची १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत हानी झाली होती. त्या होरपळलेल्या रिळांतून जे वाचवता आले ते इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी वाचवले आणि २०१५ मध्ये त्याची फोर-के जीर्णोद्धारित प्रत लोकांसमोर आली. ज्या कणांसाठी माणसांनी एवढे हात राबवले, ते घरात येताना यंत्राने पुसून त्या जागी दुसरे शिंपडावेत, हे मला तरी सोयीचे असूनही रुचत नाही.

इथवर वाचून मी डिस्कची भक्त आहे, असा समज झाला असेल, तर आपल्याकडच्या डिस्कचा इतिहास आठवावा लागेल. आपल्या घरांत डिस्क आली ती व्हीसीडीच्या रूपाने. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे चित्र, चित्रासाठी सव्वा एमबीपीएसहूनही कमी, आणि एका डिस्कवर जेमतेम ७४ मिनिटे. म्हणून हिंदी चित्रपट दोन किंवा तीन डिस्कमध्ये यायचा आणि ऐन गाण्यात पहिली संपायची. कोपऱ्यावरच्या लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या प्रतीवर ओरखडे ठरलेले असत आणि नायकाचे तोंड मध्येच हिरव्या चौकोनांत फुटायचे. मग डीव्हीडी आली. मोजर बेअर या कंपनीने २००७ मध्ये व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्यावर चित्रपट विकत घेणे भाजीच्या पिशवीत सामावण्याइतके सोपे झाले, आणि त्याबद्दल त्या काळातल्या प्रेक्षकांनी ऋणी राहावे अशीच ती गोष्ट होती. पण त्याच सुमारास बाजारात एका डीव्हीडीवर तीन चित्रपट अशा प्रती आल्या. दोन थरांच्या डीव्हीडीवर साडेआठ जीबी मावतात. अडीच अडीच तासांचे तीन चित्रपट त्यात कोंबले, की आवाजासकट सेकंदाला अडीच मेगाबिट वाट्याला येतात, तेही जुन्या, जास्त जागा खाणाऱ्या एमपेग-टू पद्धतीत. डीव्हीडीची चित्राची मुभा ९.८ एमबीपीएसची होती. डिस्क चांगली असते ती तिच्यावर जागा सोडणाऱ्या माणसामुळे; ती गोल आणि चकचकीत आहे एवढ्याने काही होत नाही.

त्याहून मोठी अडचण मराठी चित्रपटांची. परदेशी चित्रपटाबद्दल डिस्क घ्यावी की ॲपवर पाहावे, असा प्रश्न तरी पडू शकतो. मराठी चित्रपटाबद्दल तो क्वचितच पडतो, कारण डीव्हीडीनंतर आलेल्या ब्ल्यू-रे डिस्कची लाट आपल्या भाषेपर्यंत जवळपास पोचलीच नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले आपले किती तरी लाडके चित्रपट घरोघरी पोचले ते व्हीसीडीवर, आणि तेही अशा टेपवरून केलेल्या प्रतींतून, की ज्यांत कडा कापलेल्या, रंग उडालेले आणि कोपऱ्यात कोणत्या तरी वाहिनीचा शिक्का बसलेला. आज त्यांपैकी एखादा चित्रपट चांगल्या प्रिंटवरून नव्याने स्कॅन होऊन ओटीटीवर येतो, तेव्हा पाच एमबीपीएसमध्ये का होईना, पण तो चित्रपटगृहाबाहेर आजवर कधीच दिसला नव्हता इतका चांगला दिसतो. तिथे डिस्क-विरुद्ध-स्ट्रीमिंग हा वाद निरर्थक आहे. स्ट्रीमिंगची प्रत हीच एकमेव बरी प्रत असते.

आणि ती कितीही चांगल्या नळातून आली तरी उगमात असेल तेवढेच येणार. पुण्यात २००३ च्या जानेवारीत चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठारांना लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची अनेक रिळे जळाली, त्यांत प्रभातच्या चित्रपटांचीही होती. निगेटिव्ह गेले, की मागे उरतात त्या त्यावरून काढलेल्या प्रती, आणि प्रतीवरून प्रती. अशा प्रतीतून केलेल्या स्कॅनला शंभर एमबीपीएस दिले, तर ओरखडे तेवढे अधिक स्वच्छ दिसतील. फोर-केची चिठ्ठी मात्र अशा चित्रपटावरही लावता येते, आणि लावली जाते.

पडद्यापासूनच्या अंतराचीही गोष्ट सांगायला हवी, कारण तिने माझ्याच बाजूच्या मंडळींचे बरेच दावे निकालात निघतात. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारीक दिसते. ५५ इंची टीव्हीवर पूर्ण एचडी (१९२० बाय १०८० ठिपक्यांच्या) चित्राचा एक ठिपका सुमारे ०.६३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे साधारण सव्वादोन मीटरपलीकडे बसले, की तो ठिपका वेगळा ओळखताच येत नाही. आपल्या दिवाणखान्यांत सोफा बहुधा त्याहून मागेच असतो. तिथून फोर-के आणि पूर्ण एचडी यांतला ठिपक्यांचा फरक दिसतो असे जो म्हणतो, तो एकतर गरुड आहे किंवा टीव्हीचा हप्ता फेडतो आहे. भिंतीवरची वर्तुळे, चेहऱ्यावरचे मेण, अंधारातले ठोकळे मात्र तिथूनही दिसतात, कारण ते ठिपक्यापेक्षा कितीतरी मोठे असतात. त्यामुळेच उत्तम साध्या ब्ल्यू-रेवरचे पूर्ण एचडी चित्र, ज्याला चित्रासाठी ४० एमबीपीएसपर्यंत मुभा असते, ते अनेकदा फोर-केचा शिक्का असलेल्या स्ट्रीमपेक्षा अधिक भरीव वाटते. उलट बाजूही आहे: त्या ब्ल्यू-रेवर रंग आठ बिटांत असतो, तर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारी, स्ट्रीम दहा बिटांत येते, आणि सूर्यास्ताचे आकाश किंवा दिव्यांची झगमग यांत स्ट्रीम तिच्यावर मात करते. मी हे दोन्ही पाहिले आहे आणि दोन्ही खरे आहे.

टीव्हीच्या सेटिंगबद्दल एवढेच सांगते, की दुकानातून आलेला 'व्हिव्हिड' मोड आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद केल्याशिवाय डिस्क आणि स्ट्रीमिंगची तुलना करू नये. ती सोय चालू असली की दोन्ही चित्रपट सारखेच दैनंदिन मालिकेसारखे दिसतात.

आवाजाचा फरक खरे तर चित्राहून लवकर कळतो. डिस्कवर आवाज बहुधा काहीही न गाळता साठवलेला असतो, तर स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज, ७६८ केबीपीएसच्या आसपास आवळलेला असतो. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐकणाऱ्याला हे कळण्याचे कारण नाही. बऱ्यापैकी स्पीकर असतील, तर पडवीवर पडणारा पाऊस डिस्कवर थेंबाथेंबाने ऐकू येतो आणि स्ट्रीमवर कढई तापल्यासारखा चरचरतो.

मला सर्वांत जास्त खटकते ते चित्र कमी-जास्त करण्याची किल्ली आपल्या हातात नसणे. स्ट्रीमिंगमध्ये चित्रपटाच्या एकाच वेळी अनेक प्रती तयार असतात, हलक्यापासून भारीपर्यंत, काही काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेल्या, आणि आपले कनेक्शन कसे आहे ते पाहून ॲप पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतून घ्यायचा ते ठरवते. पूर्वी गोल चक्र फिरत राहायचे, त्यापेक्षा ही पद्धत निःसंशय सुखाची आहे. पण शेजारच्या खोलीत कोणी मोठी फाइल उतरवायला घेतली, की नायिकेचा चेहरा मऊ होतो, आणि हे झाले असे कोणी सांगत नाही. फोनमध्ये नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची ठरावीक पातळी नसेल, तर पूर्ण वर्गणी भरूनही चित्र साध्या दर्जाचेच मिळते. दर्जा पायऱ्यापायऱ्यांनी विकलाही जातो: नेटफ्लिक्सने २०२१ च्या डिसेंबरात भारतातले दर उतरवले तेव्हा फोनपुरती ४८० ओळींची योजना १४९ रुपयांना होती आणि फोर-केसाठी ६४९ मोजावे लागत. टाळेबंदी लागली त्या २०२० च्या मार्च महिन्यात तर आपल्याकडच्या प्रमुख सेवांनी मिळून मोबाइल नेटवर्कवर ४८० पेक्षा वरचे चित्र काही आठवडे न देण्याचे ठरवले. त्या वेळी ते योग्यच होते, नेटवर्कवर सगळ्या देशाचा भार आला होता. तरी त्या दिवसांत फोनवर चित्रपट पाहणाऱ्याच्या चित्राचा दर्जा एका बैठकीत खाली आला, आणि त्याच्या कपाटातल्या डिस्कवर मात्र त्या बैठकीचा काहीच परिणाम झाला नाही.

अशी डिस्क घ्यायची तरी कुठून, हा प्रश्न आता खरा आहे. ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणे थांबवले, सॅमसंगने २०१९ मध्ये, आणि एलजीनेही पुढे तोच रस्ता धरला. नेटफ्लिक्सने ज्या धंद्यावर आपला पाया घातला होता, तो टपालाने डिस्क पाठवण्याचा धंदा २०२३ च्या सप्टेंबरात बंद केला. आपल्याकडे दुकानांतून डिस्कचे मांडणे कधी हलले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. परदेशातून फोर-के डिस्क मागवली, तर टपालखर्च आणि जकात धरून तिची किंमत ओटीटीच्या काही महिन्यांच्या वर्गणीइतकी होते, आणि ती एका चित्रपटाची. आठवड्याला तीन-चार चित्रपट पाहणाऱ्या घराला हा हिशेब परवडणारा नाही, आणि परवडावा असे मी कोणाला सुचवणारही नाही.

म्हणून माझी वाटणी आता ठरून गेली आहे. विनोदी, कौटुंबिक, संवादांवर चालणारे आणि एकदाच पाहायचे ते सगळे ॲपवर. मराठी चित्रपट जिथे आणि ज्या रूपात मिळेल तिथे, तक्रार न करता. डिस्क घ्यायची ती फिल्मवर चित्रित झालेल्या, काळ्या-पांढऱ्या, रात्रीच्या किंवा पावसाच्या चित्रपटाची, ज्याच्याकडे पुन्हा जावेसे वाटणार आहे याची खात्री आहे आणि ज्याची प्रत कोणीतरी निगुतीने केली आहे असे घेण्याआधी वाचून कळले आहे. हा शेवटचा निकष सर्वांत कडक आहे आणि त्यात बरेच चित्रपट गळतात. भाच्याने परवा फोन करून नव्या टीव्हीबद्दल विचारले. मी त्याला सांगितले, "इंच कमी घे, पण काळा रंग काळा दिसतो का ते दुकानात दिवे मालवायला लावून बघ." दुकानदार दिवे मालवायला तयार होईना म्हणून तो दुसऱ्या दुकानात गेला, असे ताई सांगत होती.